खिडकीवरची झडप

२२ मे १९७१, शनिवार

काच मोजली. ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या घराची, पुढची काच. तीच सगळ्यात मोठी, आणि तीच दगडांच्या तोंडी. उत्तरेचा रस्ता नुसता खडीचा. समोरून येणारा प्रत्येक ट्रक मूठभर दगड भिरकावून जातो म्हणतात, आणि आपल्याच गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेले वेगळे. त्या रस्त्याने जाऊन आलेल्या एकाही ट्रेलरची काच मी धड पाहिलेली नाही.

त्या काचेखाली आईचं अंथरूण असणार. तेव्हा लाकडाची झडप करायची. वरून बिजागरी, खाली दोन बोल्ट. चालताना बंद, थांबलो की छपरासारखी वर.

लौगाने आज पुन्हा खाणीच्या कचेरीत फोन लावला. तेच उत्तर — तुमचा मुलगा एप्रिलमध्येच काम सोडून गेला, कुठे ते आम्हाला ठाऊक नाही. फोन ठेवून ती अंगणात आली.

"त्रिग्वी, तू झडप कर नाहीतर नको करूस. एक तारखेला मी निघणार. माझा पोरगा शोधायला मला काच लागत नाही."

ईस्टरपासून स्काप्तीचं एक अक्षर नाही. एकुलता एक.

२४ मे, सोमवार

बोटीच्या केबिनसाठी आणलेलं प्लायवूड पडून होतं, तेच कापलं. चारही कडांना ओकच्या पट्ट्या. रंधा मारताना जरा बरं वाटलं. हात चालू असले की मन त्याच त्या जागी जात नाही.

बार्डी कुंपणावर रेलून बघत होता. बावीस हिवाळे आम्ही एकाच जाळ्यावर काढले, पण त्याची जीभ काही गोठली नाही.

"काय रे, घराला झापडं बांधतोस? घोडा बुजतो म्हणून बांधतात. तुझं घर बुजतं का?"

"दगडांसाठी आहे."

"मग जाळं लाव की! जन्मभर मासे अडवले, आता दगड अडव."

चेष्टेत बोलला, पण बरोबर बोलला. नुसत्या फळीवर दगड सरळ आपटला तर फळी चिरेल. पुढे सैलसर जाळं असलं तर त्याचा निम्मा जोर जाळ्यातच मुरेल. डांबर लावलेलं जुनं जाळं दुहेरी करून चौकटीवर ताणलं. ताणलं कसलं, सैलच सोडलं. सैल हवं.

२६ मे, बुधवार

एवढी लांब बिजागरी गावात मिळेना. शेवटी पाळक म्हणाले, चर्चमधली जुनी पायपेटी मोडीत काढायची आहे, तिच्या झाकणाची घे. पितळेची, अखंड, सुरेख! गिरमिटाने भोकं पाडली, स्क्रूंना मेण लावलं. कडेला टायरच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे धूळ आत जाणार नाही. फुलपाखरी नट, जाड वायसर.

लौगा म्हणाली, "एक बोटभर भोक ठेव ना. आत उजेड तरी येईल."

"भोक ठेवलं की दगड नेमका त्यातूनच येणार."

"दगड एवढा नेमबाज असतो होय?"

नाही ठेवलं. कारागिराचा हट्ट म्हणा. कुठे फट नाही, पाणी नाही, उजेडाची रेघ नाही. मला ते आवडलं.

२९ मे, शनिवार

झडप बसली. बोटीचा राखाडी रंग दिला. लांबून बघितलं तर ट्रेलरने डोळे मिटल्यासारखं दिसतं.

आत वेगळंच. काचेमागे अंधार झाल्यामुळे काचेचा आरसा झालाय. लौगा आत गेली आणि दचकून बाहेर आली. "आत कोण बाई बसलीय असं वाटलं मला!" मग हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

आई अंथरुणावर आडवी होऊन बघत होती. तिला येऊ नको म्हणून सांगून थकलो. नातवासाठी मी येणारच, म्हणते. हातांची घडी छातीवर घालून म्हणाली, "झाकण चांगलं बसलंय. खिळे तेवढे मारू नकोस, एवढ्यात."

३० मे, रविवार

पेंटेकॉस्ट. चर्चबाहेर सगळ्यांनी हात हातात घेतले. स्काप्तीचं नाव कुणी घेतलं नाही. मी मनात घेतलं, प्रत्येक हाताबरोबर.

१ जून, मंगळवार

निघालो. तळं अजून करडं आहे, बेटांमागे बर्फाचे तुकडे. मागे वळून पाहिलं नाही.

४ जून, शुक्रवार

दिवसभर सपाट मुलूख. संध्याकाळी एका तळावर थांबलो, आजूबाजूला बरेच ट्रेलर. दिवेलागणीला जेवत होतो. दारावर दोनदा टकटक. मी उठलो तर आईने माझी बाही धरली.

"बस खाली."

"का?"

"दोनदाच वाजलं."

लहानपणी हे रोजचं होतं. अंधार पडल्यावर आलेला माणूस दार वाजवत नाही. तो खिडकीशी येतो आणि "येथे देव असो" म्हणतो. आतून "देव तुझं भलं करो" म्हटलं की मग दार उघडायचं. आमच्या भाषेत त्याला एक वेगळं क्रियापदच आहे. 'देवणं' म्हणावं तसं. पाहुणा देवला का, असं विचारायचे. कुणी वाजवलंच, तर तीनदा. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. एकदा किंवा दोनदा वाजवणारा जिवंत नसतो. त्याला उघडायचं नाही. आईची आई तिकडून, समुद्रापलीकडच्या जुन्या बेटावरून, हे घेऊन आली होती.

"आई, हे सगळे इंग्रज लोक आहेत," लौगा म्हणाली. "ते कशाला देवतील?" आणि उठून तिने दार उघडलं. बाहेर फुलाफुलांचा झगा घातलेली एक जाडजूड बाई, हातात वाफाळणारी, रुबार्बच्या देठांची आंबटगोड पेस्ट्री. जास्त झाली म्हणून आणली म्हणे!

आई दोन तुकडे खाऊन म्हणाली, "मेलेल्या माणसाला एवढी चांगली पेस्ट्री करता येत नाही. मान्य."

आम्ही तिघंही हसलो. मीही. पण टकटक झाली तेव्हा माझेही पाय थांबले होते, हे इथे लिहून ठेवतो.

७ जून, सोमवार

डांबर संपलं. खडी सुरू झाली.

आईची पाठ पुढच्या सीटवर टिकत नाही, म्हणून ती मागे ट्रेलरमध्ये झडपेखाली निजून येते. तसं नेणं नियमात बसत नाही. पण तिला नियम कोण सांगणार? दगडांचा मारा केवढा! दुपारी थांबून पाहिलं. जाळ्यात दगड अडकून बसलेले, फळीला चार खळगे, काच शाबूत. देवाचे आभार मानले. बार्डीचेही.

आई उठून बसली होती. केस विस्कटलेले.

"झोप लागली का?"

"लागली नाही, आली. अंगावर आली. कुणीतरी यायला निघालंय."

हेही आमच्यातलं. पाहुणा निघाला की त्याचं काहीतरी त्याच्या आधी पोचतं, आणि ज्याच्याकडे तो येणार त्याचे डोळे जड होतात. लौगाचा चेहरा उजळला. "स्काप्ती! आपण इकडून निघालो, तो तिकडून निघाला असेल!"

 आई शाल ओढून घेत म्हणाली, "घरच्या माणसाची झोप उबदार असते. ही गार होती. आणि त्या दगडांतला एक आवाज दगडाचा नव्हता."

"मग काय होतं?"

तिने बोटांची पेरं टेबलावर आपटली. एकदाच. "हे होतं."

"आई, गाडी चालू होती. आपण वेगात होतो. पुढे कोण लोंबकळणार?"

"मी कुठे म्हणाले लोंबकळत होता म्हणून?"

८ जून, मंगळवार

पाऊस. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कसलासा क्षार टाकतात, तो चिखलात मिसळून सिमेंटसारखा झालाय. नट हाताने फिरत नाहीत. पकडीने कसेबसे सोडवून झडप वर केली, आईला अर्धा तास आकाश दाखवलं. आज ती जेवली नाही.

९ जून, बुधवार

रस्त्यावरच्या खानावळीत कॉफी प्यायलो. लौगा प्रत्येक ठिकाणी फोटो दाखवते. इथल्या बाईने हात पुसून फोटो घेतला, दाराकडे उजेडात नेला.

"उंच? पिवळी दाढी? तुमच्यासारखं गाणं म्हटल्यासारखं बोलणारा?"

"हो, हो!"

"होता खरा असा एक पोरगा. एप्रिलअखेरीस. नदीचा बर्फ सुटायला लागला होता, लोक नको नको म्हणत होते. पलीकडे कामाला जायचंय म्हणून त्या बर्फावरूनच चालत निघाला." तिने फोटो टेबलावर ठेवला. आमच्याकडे न बघता म्हणाली, "पलीकडे तो पोचल्याचं कुणी बोललं नाही. तोच असेल असं नाही हं, बाई. उंच पोरं पुष्कळ येतात इकडे."

लौगाने कॉफी संपवली. सगळी, थेंबसुद्धा ठेवला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "पुढे चल." जेवणापर्यंत तेवढंच बोलली.

जेवणानंतर मी रोजचं वाचन केलं. वडील करायचे तसं, टोपी काढून. वाचताना ओळ दोनदा चुकलो. मग आई स्काप्तीच्या लहानपणाचं काही सांगायला लागली. "त्याला साय आवडायची," म्हणाली.

"आवडते," लौगा म्हणाली.

१० जून, गुरुवार

डोंगर. धुकं. खिंडीत थांबावं लागलं.

११ जून, शुक्रवार

काल पुढे लिहिलं नाही. आज लिहितो.

खिंडीत पाऊस की बर्फ हे कळेना. जून महिना, आणि काचेवर गारठलेला चिखल! पुढचं काही दिसेना तेव्हा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत घेतलं. वारा चुकावा म्हणून ट्रेलरची दाराची बाजू कड्याला अगदी चिकटवून उभी केली. दार माणूस कसाबसा बाहेर पडेल एवढंच उघडत होतं. झडप वर करायला गेलो तर नट हलेनात. पक्कड घसरली, बोट सोललं. राहू दे म्हटलं, सकाळी बघू.

आत दिवा लावला. सुकी मासळी, लोणी, चहा. बाहेर उजेड होता की नव्हता सांगता येत नाही. इथे सूर्य मावळतो कधी हेच समजत नाही, आणि धुक्यात तर सगळं दुधासारखं. आई काचेतल्या आपल्याच चेहऱ्याकडे बघत बसली होती. डोळे मिटायला लागले तिचे. लौगाचेही. मग माझेही. एवढी झोप कशी येते म्हणून मी मान झटकली, आणि आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं.

ठक्.

झडपेवर. आईच्या डोक्याच्या वर.

"दगड पडला कड्यावरचा," मी म्हणालो. कडा दाराच्या अंगाला, झडप पुढे. बोलतानाच मला ते कळत होतं.

मग बराच वेळ काही नाही. स्टोव्हवर चहाचं भांडं तेवढं वाजत होतं. मग पुन्हा — ठक्. जरा खाली.

"मोज," आई कुजबुजली. "एकेकच आहे."

लौगा उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तीच मला जास्त भयंकर वाटली, ती नसलेली भीती. "तो आला," म्हणाली.

"लौगा, थांब."

"जिवंत असो, नसो. माझा आहे. भिजलाय तो."

मी दाराची कडी धरली. उघडायला नाही. ती उघडेल म्हणून.

"तोच असेल तर देवेल," आई म्हणाली. "मी शिकवलंय त्याला. खिडकीशी ये आणि देवाचं नाव घे. तेवढं तो मेला तरी विसरणार नाही."

"कुठल्या खिडकीशी?" लौगा ओरडली. "खिडकी आहे कुठे, आई? तुमच्या लेकाने फळी मारलीय तिच्यावर!"

ठक्. आता फार हळू.

तेव्हा मला वाटलं, वाट मी दाखवावी. नियमाप्रमाणे आतल्याने आधी म्हणायचं नसतं. पण तो स्काप्ती असेल, आणि त्याचं तोंड बर्फाने शिवलं असेल, तर निदान उत्तर देईल. मी काचेकडे तोंड केलं आणि आपल्या भाषेत ओरडलो, "येथे देव असो!" वाऱ्यापलीकडे जावं म्हणून मोठ्याने ओरडलो. घाबरलो होतो, त्यामुळे आवाज फाटला. पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदाही.

समोर काचेत मीच होतो, तोंड उघडं असलेला.

उत्तर आलं नाही. ओलं काहीतरी फळीवरून खाली घासत गेलं. ट्रेलर स्प्रिंगवर जरासा हलला, अंगावरचं ओझं कुणी काढून घ्यावं तसा. बस्स. त्यानंतर वारा.

कड्याकडच्या छोट्या खिडकीची वाफ पुसून बाहेर पाहिलं. धुकं. लौगा माझ्या हाताशी झटली नाही. खाली बसली. आई प्रार्थना म्हणत होती. मीही म्हटली. मी देवाचं नाव घेतलं आणि ते त्याला घेता आलं नाही, तेव्हा न उघडणं हीच श्रद्धा, असं मी स्वतःला सांगितलं. सांगत राहिलो.

सकाळी धुकं थोडं उचललं होतं. बाहेर आलो. झडपेवर चिखलाचा पंजा. जाळ्याच्या खाली, फळीच्या मोकळ्या पट्टीवर. पाचही बोटं स्पष्ट, आणि तिथून खाली ओघळत गेलेला तळवा. आजूबाजूच्या वाळूवर पावसाने काही राहू दिलं नव्हतं.

लौगाने आपला पंजा त्याच्यावर धरला, न टेकवता. "मोठा आहे," म्हणाली. "त्याचाच."

"मेलेल्याच्या हाताला चिखल लागत नाही," आई दारातून म्हणाली.  आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. जिवंत असेल तर तो आहे कुठे? हाका मारल्या. या वेळी इंग्रजीत, आपल्या भाषेत, नाव घेऊन. कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. दहा पावलांच्या पलीकडे पांढरं. मागच्या अंगाला, उताराकडे मी गेलो नाही. कुणी चालता येणारा माणूस रस्ता सोडून उतारात का जाईल, असं वाटलं.

निघालो. मी फडकं घेतलं तर लौगा म्हणाली, "पुसू नकोस."

दिवसभर दगड त्या हातावर वाजत होते. आज आई मागे निजली नाही. आम्हा दोघांच्या मध्ये बसली, ताठ.

१२ जून, शनिवार

जिवंत आहे!

हे आधी लिहितो. स्काप्ती जिवंत आहे. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या छावणीत. आम्ही नुसते पेट्रोल आहे का विचारायला शिरलो. लौगाने सवयीने फोटो पुढे केला. आचारी चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "हा? हा तर आमचा लांबुडका! गेल्या महिन्यापासून ग्रेडरवर आहे, रस्ता सपाट करायच्या यंत्रावर. तुम्ही आईबाप का? कागद पाठवला होता म्हणे त्याने, शहरात जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती. तो पठ्ठ्या दारूच्या गुत्त्यापलीकडे गेलाच नसेल!"

लौगा तिथेच जमिनीवर बसली. रडली, हसली, आचाऱ्याच्या एप्रनला डोळे पुसले. आई त्याला म्हणाली, "माझा नातू बारीक झालाय का?" "आजी, माझ्या हातचं खाऊन? वेड लागलंय का!"

"आहे कुठे?" मी विचारलं.

"परवापासून खाली खिंडीपलीकडच्या रस्त्यावर होता ग्रेडर घेऊन. काल खिंडीत एक माणूस सापडला त्यांना, ट्रक दरीत घालवलेला. त्याला घेऊन दवाखान्यात गेलाय. येईल उद्या."

मी "बरं," म्हणालो.

बाहेर आलो. बादलीत पाणी घेतलं, फडकं घेतलं, झडपेसमोर उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. लौगा आली आणि फडकं माझ्या हातातून काढून घेतलं. तिनेही पुसलं नाही. आतून आचाऱ्याचा रेडिओ वाजत होता.

"तो माणूस वाचला असेल," मी म्हणालो.

"ग्रेडरवाल्यांना सापडला," ती म्हणाली. "आपल्याला नाही."

१३ जून, रविवार

संध्याकाळी स्काप्ती आला. दाढी छातीपर्यंत, बाहीवर वाळलेलं रक्त. आईला बघून मिठीच मारली, तिला जमिनीवरून उचललं. "आजी, तू हलकी झालीस!" "तुझी अक्कल तेवढी जड झाली का बघू," ती म्हणाली. बोलता बोलताच त्याचे डोळे मिटत होते. दोन रात्री झोपलेला नाही म्हणाला. आईच्या अंथरुणावर आडवा झाला, झडपेखाली, बूट घालूनच.

लौगा त्याच्या पायांशी बसून आहे. त्याचा हात तिने मांडीवर घेतलाय. पुन्हा पुन्हा त्याचा पंजा उलटा-सुलटा करून बघते. मी वाचन केलं नाही. टोपी हातात घेऊन नुसता बसलो.

देवाने माझा मुलगा मला दिला. हे वाक्य लिहिलं आणि त्याच्यापुढे लिहिता येईना.

१४ जून, सोमवार

न्याहारीला स्काप्तीने सांगितलं. तो माणूस शनिवारी पहाटे गेला. बरगड्या मोडल्या होत्या, बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी कुजबुजत होता. डोकं याच्या मांडीवर होतं. "बाबा, तो दरीतून चढून वर आला होता हो! खिंडीत एक ट्रेलर उभा होता म्हणे. सगळा बंद, फक्त पुढे एक दार. ते त्याने वाजवलं. आत माणसं होती. उघडलं नाहीच, उलट एक जण त्याच्यावर तीन-तीनदा खेकसला, कुठल्यातरी परक्या भाषेत. मारतील म्हणून बिचारा उतारात जाऊन लपला. कसली माणसं असतात!"

लौगाचा डाव लापशीत थांबला. आई खिडकीबाहेर बघत होती.

"तुम्हीही त्याच सुमाराला खिंडीत असणार," तो म्हणाला. "कुणी दिसलं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.